रफार धुळ्याहून आला

मंडळी, आपल्या ई-मेल गटात मी नेहमी सांगतो, प्रोग्रॅम वाटायचा तर सोर्स कोडसकट, म्हणजे आतल्या मूळ ओळींसकट वाटा. आज त्याचा फायदा मलाच झाला.

दुपारी चोपड्याच्या एका दवाखान्यात मराठी छपाईचा माझा प्रोग्रॅम बसवत होतो. पहिल्याच चिठ्ठीवर रफार उडाला आणि 'अर्धी गोळी'चं 'अधी गोळी' झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "औषधाच्या चिठ्ठीत हे चालणार नाही. आज जमलं नाही तर इंग्रजीच राहू द्या."

या प्रोग्रॅममधला अक्षरं जुळवणारा भाग, म्हणजे त्याची लायब्ररी, मी धुळ्याच्या प्रोग्रॅमर प्रमिलाताईंनाही कोडसकट दिली होती. एसटीडी बूथवरून त्यांना फोन लावून अडचण सांगितली.

"अहो, तो रफार मी दुरुस्त केलाय, तुम्हाला पाठवणारच होते. घ्या लिहून."

त्यांनी सांगितलेल्या ओळी दवाखान्यात परत येऊन टाइप केल्या. पुढची चिठ्ठी एका आबांच्या हाती गेली. त्यांनी चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "अर्धी गोळी, रातले, जेवन नंतर. बरोबर शे ना?"

डॉक्टरबाई हसून हो म्हणाल्या.

कोड दिला की धंदा बुडतो, असं आपल्यातलेच काही जण म्हणतात. प्रमिलाताईंनी दुरुस्त केलेला कोड मी आत्ताच गटावर टाकतोय. तुमचा कोड तुम्ही कोणापासून जपताय?