बाळारामचा बॅज

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून जाणारा माणूस. फिजिक्सचा बी.एस्सी. आहे, मोजता येत नाही ते मानत नाही. तेव्हा मला कुणी अंधश्रद्धा वगैरे शिकवू नका... आधी ऐका.

नव्वदच्या दशकाचा शेवट. आम्ही आचोळ्याला राहायचो. नायगावच्या खाडीकडे एका कंपनीचा आयसोटोपचा प्लांट होता, तो बंद पडल्यावर तोडून साफ करायचं काम निघालं. माझी नोकरी — मीटर घेऊन कुठे किती रेडिएशन उरलंय ते मोजायचं आणि कामगारांचे बॅज सांभाळायचे. छातीला लावलेला बॅज माणसाने किती किरणं झेलली ते टिपतो. मर्यादा गाठली की काम बंद.

घोळ तिथेच. जूचंद्र गावचा एक कामगार, बाळाराम, जिथे किरणं सगळ्यात जास्त त्या आतल्या खोलीत शिरताना बॅज काढून बाहेर खिळ्याला अडकवायचा. मी पकडला तर हसला. "भाऊ, बॅज भरला का घरी बसवतीन. मंग खावाचा काय?" मी त्याला नाही नाही ते बोललो, साहेबांकडे तक्रार केली. साहेब म्हणाले, "काम होतंय ना? गप बसा." असं डोकं सणकलं माझं!

पुढे बाळारामला रक्ताचा आजार झाला. दिवाळीच्या आत गेला. त्याची बायको हिराबाई ऑफिसात आली. एवढंच म्हणाली, "माझे मानसाला या कामानंच खाल्ला. एकानं तरी तसा बोलाचा ना?"

साहेबांनी बॅजचे रिपोर्ट दाखवले. सगळे कोरे. मी खिळ्याचं सांगितलं तर म्हणाले, पुरावा काय?

तो अंथरुणाला खिळल्यावर त्याच्या नावाचा नवा बॅज आला होता. त्याने हातही न लावलेला, माझ्या कुलूपबंद कपाटात टांगलेला. मुदत संपल्यावर बाकीच्यांबरोबर तोही लॅबला गेला. रिपोर्ट आला. बॅज भरलेला, मर्यादेच्या कितीतरी वर. शेजारीच टांगलेला कंट्रोल बॅज — तो कुणी लावत नाही, नुसता तुलनेसाठी असतो — साफ कोरा. कपाट, भिंत, फरशी, सगळं मीटरने तपासलं. काही नाही. लॅबशी भांडलो. मग हट्टाने त्याच्या नावाचा आणखी एक बॅज तिथेच टांगला. तोही भरून आला.

दोन्ही रिपोर्ट घेऊन मी हिराबाईला साहेबांसमोर उभी केली. वाटलं, आता तरी यांना कबूल करावं लागेल.

साहेबांनी वाचलं. "तेव्हा हा कामावर होता का?"

"नाही. पहिल्या वेळी अंथरुणाला होता, दुसऱ्या वेळी वारला होता."

"मग ही किरणं त्याची कशी?" आणि कागद माझ्याकडे सरकवले. संपलं.

नंतर मी जाणकारांनाही विचारलं. लॅबची चूक, म्हणतात. दोन्ही वेळा, एकाच नावावर? असेल बुवा. मला आजही पटलेलं नाही, आणि दुसरं काही सांगताही येत नाही.

त्या दिवशी जिना उतरताना हिराबाईला मी सगळं समजावून सांगितलं. ती मधेच थांबली.

"मंजे भाऊ, मेल्यावर बी तो आतच कामाला जातंय का?"