बोलावणेकाकू आणि शांघायचा ग्रामदेव

आमच्या हिला नारायण पेठेत कुणी खऱ्या नावाने ओळखत नव्हतं. सगळे बोलावणेकाकू म्हणायचे. नवीन माणसाला ते आडनावच वाटायचं. एकदा टेलिफोनच्या माणसाने दारात येऊन "बोलावणे इथेच राहतात ना?" असं विचारलं, तर ही आतून "हो, आले" म्हणाली आणि त्याने तसंच लिहून नेलं. कारण असं, की पेठेत कुणाकडे लग्न निघालं, मुंज निघाली, की पत्रिका द्यायला जाताना हिला बरोबर न्यायचे. जवळची घरं, लांबची घरं, बोलणं तुटलेली घरं, सगळी हिला पाठ. कुणाला बोलवायचं राहिलं तर हिला त्या दिवशी जेवण जायचं नाही.

मी छापखान्यात कंपोझिटर होतो. सातवीत शाळा सुटली आणि खिळ्यांच्या पेटीपुढे उभा राहिलो, तो केस पिकेपर्यंत. खिळे म्हणजे शिशाची अक्षरं. एकेक उचलून ओळ जुळवायची. निम्मं काम लग्नपत्रिकांचं. म्हणजे पत्रिका मी जुळवायची आणि हिने वाटायची, असा आमचा संसार. आयुष्यभर दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवलं, स्वतःचं हे पहिलंच. चूक दिसली तर वाचणाऱ्याने सुधारून घ्यावी. हीसुद्धा माझ्या पत्रिकेत फक्त वरची ओळ बघायची. देवाचं नाव बरोबर आहे ना, मग बाकीचं लोक समजून घेतात, असं म्हणायची.

हिचा क्रम ठरलेला. पहिली पत्रिका कसबा गणपतीला, दुसरी जोगेश्वरीला, मग माणसांना. पत्रिकेवर कुंकू लावलेल्या अक्षता ठेवायच्या आणि घरच्या माणसाला सांगावं तसं देवाला सांगायचं, अमक्याकडे कार्य आहे, यायचं करावं. गावात कार्य करायचं तर गावच्या मालकाला आधी सांगायला नको का, असा हिचा सवाल. आणि माणसांच्या बाबतीत हिचं एकच वाक्य होतं. "बोलावणं आपल्याकडे. येणं न येणं त्यांच्याकडे."

आमच्या गल्लीत दोन भाऊ होते. एका भिंतीवरून कोर्टात गेलेले. धाकट्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तो म्हणाला, थोरल्याला पत्रिका द्यायची नाही. ही म्हणाली, मग बरोबर दुसरी कुणी बाई बघा. शेवटी दोघं गेली. थोरल्याने पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "पोस्टाने टाकली असती तरी मिळाली असती."

"मिळाली असती," ही म्हणाली. "पण मग येत नाही म्हणून तुम्ही पोस्टमनला सांगितलं असतंत. आता मला सांगा."

त्याने पत्रिका खिशात घातली. लग्नाला आला, पहिल्या पंगतीला बसला आणि जिलबीला नावं ठेवून गेला. धाकटा खूश. नावं ठेवण्याइतका भाऊ परत घरचा झाला होता.

मग कॉम्प्युटर आले. आमच्या मालकांनी खिळ्यांच्या पेट्या भिंतीला लावून ठेवल्या, पायाने चालवायच्या ट्रेडल छपाईयंत्रावर चादर टाकली आणि मला हात जोडले. लोक फोनवरून, ई-मेलवरून बोलावणी करायला लागले. हिला ते कधी पटलं नाही. म्हणायची, "फोनवर माणूस चटकन नाही म्हणतो. दारात जाऊन उभं राहिलं की त्याला विचार करावा लागतो." मी घरी बसलो तरी हिचं काम काही थांबलं नाही.

आमचा एकुलता एक महेश त्याच कॉम्प्युटरवर शिकून मोठा झाला. हिंजवडीला नोकरी लागली, कंपनीची बस कोपऱ्यावर यायला लागली, आणि बघता बघता कंपनीने त्याला शांघायला पाठवलं. तिथून एका रविवारी त्याने पडद्यावर एक मुलगी दाखवली. नाव लिन. त्याच्याच ऑफिसातली. म्हणाला, लग्न करायचं म्हणतोय. मी विचारलं, पुण्यातल्या मुली संपल्या का? आणि खुर्चीतून उठून गेलो. आठ दिवस बोललो नाही. ते बरोबर नव्हतं, पण झालं ते झालं. हिने मात्र एवढंच विचारलं, "मुलगी शांघायचीच का? मग तिथलं ग्रामदैवत कोणतं?"

महेश हसला. म्हणाला, आई, चीनमध्ये असलं काही नसतं.

"गाव आहे ना? मग देव असणार. तू तिला विचार."

विचारलं, तर होताच. शहराच्या जुन्या भागात शेकडो वर्षांचं देऊळ, ताओ पंथाचं, आणि आत शहराचा राखणदार देव. एकेकाळचा कुणी चांगला सरकारी अधिकारी, मेल्यावर बादशहाने त्याला शहर सांभाळायला नेमला, असं लिन म्हणाली. नाव तिने चारदा सांगितलं, मला एकदाही म्हणता आलं नाही. ही मला म्हणाली, बघा, आपल्यासारखंच आहे.

पण अडचण देवाची नव्हती, लिनच्या आईची होती. नवरा लवकर गेला. कापडगिरणीत उभं राहून बाईने एकटीने पोर वाढवली. त्या जुन्या देवळाजवळच राहायची. लिनने फोन केला तेव्हा ती म्हणाली, तुला हवं ते कर, मी लग्नाला येणार नाही. घर त्यांचं, देव त्यांचे, तिथे मला कोण विचारतंय? आणि तेव्हापासून लिनशी बोलणंच बंद. महेश म्हणाला, आपण पुण्यात नोंदणी करून टाकू, हळूहळू येईल ताळ्यावर. ही म्हणाली, "तिची आई मांडवात आली तर लग्न. नाहीतर मी मांडव घालू देणार नाही."

"अगं आई, बोलावलंय त्यांना. नाही म्हणाल्या."

"कुणी बोलावलंय? फोनने?"

झालं. साठी उलटलेल्या बाईने पासपोर्ट काढला. मला म्हणाली, पत्रिका तुम्ही जुळवायची. मी रुसलेलो होतो, पण माझ्या मुलाची पत्रिका दुसऱ्या कुणी जुळवलेली मला चालली नसती. जुन्या मालकांनी चादर काढून दिली. बऱ्याच वर्षांनी पेटीपुढे उभा राहिलो, पण अक्षरं सापडली. वरच्या ओळीत डावीकडे 'श्री कसबा गणपती प्रसन्न' आणि उजवीकडे 'श्री नगरदेव, शांघाय, प्रसन्न'. एवढ्या पत्रिका जुळवल्या, अशी ओळ पहिलीच. हिने ती दोनदा वाचली आणि मान हलवली.

कसबा गणपतीला आणि जोगेश्वरीला सांगून आम्ही विमानात बसलो. तांदूळ, नारळ तिकडे नेऊ देत नाहीत, असं महेशने बजावलं होतं. ही म्हणाली, तांदूळ काय, तिथलाच घेऊ. कुंकू आपलं. शांघायला पोचल्यावर महेशच्या स्वयंपाकघरात हिने आणि लिनने मिळून अक्षता केल्या. लिनच्या बोटांना कुंकू लागलं, ते तिने दोन दिवस धुतलं नाही. मी त्या मुलीशी तेव्हा बोलायला लागलो.

देवळात कधी जायचं, हे हिने ठरवलं. पौर्णिमेलाच. मला वाटलं, हिचं नेहमीचं.

सकाळी गेलो. आजूबाजूला काचेच्या उंच इमारती आणि मधे वळलेल्या कौलांचं जुनं देऊळ, चहूकडे लाल कंदील. दारात तिकीट. देवाला भेटायला तिकीट ठेवायची कल्पना पुण्यात कुणाला कशी सुचली नाही, कोण जाणे. अंगणात मोठं धुपाटणं, लोक तीन-तीन उदबत्त्या कपाळाशी धरून चारी दिशांना वाकत होते. आत देव बसलेला, अंगात लाल झगा, दोन बाजूंना त्याच्या कारकून-शिपायांच्या मूर्ती उभ्या. हिने चप्पल काढली. इथे कुणी काढत नाही, महेश म्हणाला. मी काढते, ही म्हणाली.

हिने पत्रिका पुढे ठेवली, अक्षता वाहिल्या. तेवढ्यात निळा झगा आणि काळी टोपी घातलेला पुजारी आला. हे काय आहे म्हणून विचारायला लागला. तो चिनीत बोलायचा, लिन महेशला इंग्रजीत सांगायची आणि महेश आम्हाला मराठीत. पुजाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. देवाला लग्नाचं आमंत्रण द्यायला हिंदुस्थानातून कुणी आलेलं त्याने बहुधा पाहिलं नसावं. मग म्हणाला, असं ठेवून पोचत नाही. नाव-पत्ता घालून पिवळ्या कागदावर अर्ज लिहावा लागतो, पत्रिका त्यात गुंडाळायची आणि ते सगळं जाळायचं. जळलं म्हणजे देवाला मिळालं.

माझं डोकंच फिरलं. आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेची कड जरी जळली तरी माणसं काळजीत पडतात, आणि हा म्हणतो अख्खी जाळा. तीही मी जुळवलेली. मी हिला म्हणालो, दर्शन झालं, चल.

ही हलली नाही. महेशला म्हणाली, "विचार त्यांना. इथे सगळ्यांचं असंच पोचतं का?"

पुजारी म्हणाला, सगळ्यांचं.

"मग तसंच द्या. ज्याला बोलवायचं त्याच्या दाराने जायचं असतं. आपल्या दाराने जाऊन तो कसा भेटेल?"

पुजाऱ्याने पिवळा कागद पसरला, कुंचला घेतला. मुलाचं नाव, पत्ता, जन्मतारीख, जन्मवेळ. महेशची वेळ हिने मिनिटासकट सांगितली. मग मुलीची. लिनला तारीख माहीत, वेळ माहीत नाही. ती म्हणाली, रिकामी सोडा. पुजारी म्हणाला, अर्ज अपुरा असेल तर देवाच्या कचेरीत पुढे सरकत नाही. परक्या मुलखात तेव्हा मला पहिल्यांदा पुण्यात असल्यासारखं वाटलं.

लिन खाली मान घालून उभी राहिली. तेवढ्यात मागून एक बारीक आवाज आला. दोनच शब्द. पुजाऱ्याने मान वर केली आणि लिहून घेतलं.

मागे खांबापाशी एक लहानखुरी बाई उभी होती. राखाडी कोट, हातात उदबत्त्या. लिनने तोंडावर हात ठेवला. महेश माझ्या कानाशी म्हणाला, बाबा, ही लिनची आई. दुपारची वेळ सांगितली तिने.

मला नंतर कळलं. ही बाई दर महिन्याच्या चिनी पंधराव्या तारखेला सकाळी देवळात यायची, आणि ती तारीख म्हणजे आपली पौर्णिमा. हिने हे पुण्यात असतानाच लिनला विचारून ठेवलं होतं. आणि आम्ही आल्यापासून खांबाआडून कुणीतरी बघतंय, हेही हिला दिसलं होतं. मला सांगितलं नाही. मी काहीतरी बोलून बसलो असतो म्हणून. बरोबरच होतं.

ही तिच्यासमोर गेली. पिशवीतून दुसरी पत्रिका काढली, वर अक्षता ठेवल्या आणि दोन्ही हातांनी पुढे केली. महेश इंग्रजीत सांगायला लागला, तर त्याला म्हणाली, गप्प बस, बोलावणं चाललंय. आणि त्या बाईला स्वच्छ मराठीत म्हणाली,

"मुलीचं लग्न आहे. यायचं करावं."

त्या बाईने दोन्ही हातांनी पत्रिका घेतली. लिनने वरची उजवीकडची ओळ दाखवली, हे आपल्या देवाचं नाव, म्हणून. आईने त्या ओळीवरून बोट फिरवलं. खिळ्यांच्या छपाईत अक्षर कागदात दबतं, बोटाला लागतं. कॉम्प्युटरच्या पत्रिकेत ते नसतं. आंधळ्या माणसाने वाचावं तसं तिने ते नाव सावकाश वाचलं. मग हिच्या उघड्या पायांकडे बघितलं, खाली वाकली आणि हिची चप्पल आणून हिच्यापुढे ठेवली. फरशी गार होती.

अंगणात पत्रिका जाळली तेव्हा दोघी शेजारी उभ्या होत्या. माझी पत्रिका जळताना मी पहिल्यांदाच पाहिली. वाईट वाटायला हवं होतं. ताठ उभा राहिलो आणि बघितली.

लग्न पुण्यात झालं, आणि असं झालं की पेठ अजून बोलते. लिनची आई महिनाभर आधी आली. ही तिला घेऊन घरोघर पत्रिका द्यायला जायची. एक नऊवारीत, एक कोटात. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळे विहीणपणाचं एकही भांडण झालं नाही. कोर्टवाला थोरला भाऊ दारात म्हणाला, काकू, आता चीनमधून माणसं आणायला लागलात का बोलावण्याला? ही म्हणाली, तुमच्यासारख्यांना इथली माणसं पुरत नाहीत. मांडवात लिनच्या आईने सगळ्यात जोरात अक्षता टाकल्या. एक मूठ माझ्याच डोक्यात आली.

ही गेली त्याला आता वर्ष होईल. मयताला कुणी कुणाला बोलवत नाही. तरी गल्लीत उभं राहायला जागा नव्हती. थोरला आणि धाकटा एका बाजूला खांदा देत होते. मी रडलो नाही, असं लोक म्हणतात. घरात येऊन रडलो, ते लोकांनी कशाला बघायचं?

लिनच्या आईला तेराव्याला येता आलं नाही. लिन आता आमच्याच घरात राहून मराठी शिकलेली; पुढच्या पौर्णिमेला सकाळी तिने फोन माझ्या हातात दिला. पडद्यावर तेच देऊळ, तोच पुजारी, पिवळा कागद पसरलेला. लिन म्हणाली, बाबा, आई देवाला अर्ज लिहून घेतेय. ज्या बाईने लांबून येऊन तुला बोलावलं होतं, तिला आता तू बोलाव, म्हणून. सगळं लिहून झालंय, नारायण पेठेचा पत्ताही घातलाय. सासूबाईंची जन्मवेळ तेवढी हवी आहे.

हिचं माहेर लोणी काळभोर. त्या घरात तेव्हा घड्याळ नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ती माणसं कधीच गेली. पण लग्नानंतर एकदा भाकरी थापताना हिने मला सांगितलं होतं. आता ते माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, सकाळची लिहा. पहिली भाकरी तव्यावर पडली, तेव्हा झाली ती.

लिनने सांगितलं. पुजाऱ्याने आईकडे पाहिलं. आईने त्याला काहीतरी समजावलं, हातांनी भाकरी थापून दाखवली. त्याने मान हलवली आणि लिहिलं. अर्ज पुरा झाला. कागद पेटला, धूर वर गेला, मी शेवटपर्यंत फोन धरून उभा होतो.

बोलावणं पोचलं. येणं न येणं हिच्याकडे. पण बोलावणं आल्यावर ही गेली नाही, असं आमच्या संसारात कधी झालेलं नाही.