लांडगीचा जीव

दातांच्या दवाखान्यांना कवळ्या करून देते म्हणून गल्लीत तिला सगळे कवळीबाई म्हणतात. दिवसभर मेण, प्लास्टर आणि परक्यांच्या गुलाबी हिरड्या. स्वभावाने मुखदुर्बळ, हात मात्र बोलके. थोरल्या बहिणीच्या घरी रविवारी दुपारी फाशांचा खेळ रंगायचा. त्यासाठी हिरड्यांच्या उरल्यासुरल्या मसाल्यातून तिनेच बोटभर लांडगी घडवली होती, अगदी दातांसकट.

खेळात प्रत्येकाचं एक पात्र. ताईची शिकारीण, आणि लांडगी तिची सोबतीण. लांडगीचं स्वतःचं असं काही नव्हतं. तिचा जीव, चावा, धाव, सगळे आकडे मालकिणीच्या पातळीवरून निघायचे. ताई नवव्या पातळीवर, म्हणून लांडगीचा जीव पाचपट, पंचेचाळीस. आणि ती आपणहून हलायची नाही. मालकिणीने स्वतःचा डाव सोडून हुकूम दिला, तरच. नाहीतर जागच्या जागी वार चुकवत राहायची.

ताई गेल्यावर बऱ्याच महिन्यांनी भावोजींनी पट पुन्हा मांडला.

"लांडगी तू घे," ते म्हणाले. "पण मग आकडे तुझ्या पातळीवरून. तू चौथ्या पातळीवर, म्हणजे जीव विसावर येणार."

"नको, भावोजी. ताईचीच राहू दे." कागदावरचे ते पंचेचाळीस खोडणं तिच्या जिवावर आलं.

"अगं, हुकूम कोण देणार मग? नुसती शोभेची."

"असू दे शोभेची."

शेजारचा बस-कंडक्टर फासे खुळखुळवत म्हणाला, "आमच्या गाडीतही असतात अशा एकेक. तिकीट नाही, पण उतरायचं नावही नाही."

खेळात पुलावर राक्षसाने कवळीबाईच्या पात्राला गाठलं. भावोजींनी राक्षसाचा फासा टाकायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. ताईच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठेवलेली लांडगी पुलावर होती, दोघांच्या मधे.

"कुणी सरकवली?"

"माझे दोन्ही हात चहात," कंडक्टर म्हणाला. "म्हणजे, कपावर."

तिघं हसले. भावोजींनी लांडगी जागेवर ठेवली. पुढच्या फेरीला राक्षस पुन्हा वळला, आणि ती पुन्हा मधे होती. या वेळी कुणी हसलं नाही.

कवळीबाईने तिला उचललं. लांडगी गरम होती, उकळत्या भांड्यातून आत्ताच काढलेल्या कवळीसारखी.

"भावोजी, हुकूम दिला की आपला डाव जातो ना?"

"जातो."

तिने खुर्चीकडे पाहिलं. धाकटीला हे कवळ्यांचं काम शिकता यावं म्हणून ताईने कॉलेज सोडलं होतं, आणि वर म्हणाली होती, मला कंटाळाच आला होता गं. तिथे बसून ती अजूनही तेच करत होती. एकामागून एक डाव सोडत होती.

कवळीबाईने खोडरबर घेतलं. पंचेचाळीस खोडताना कागद चुरगळला. त्याच जागी तिने वीस लिहिले.

"ताई, आता माझी ही. तू ऊठ."

खुर्ची किंचित मागे सरकली, जेवून कुणी उठावं तशी. मुठीतली लांडगी गार पडत गेली.

"उतरल्या," कंडक्टर सवयीने पुटपुटला, आणि मग स्वतःच दचकला.

भावोजींनी फासा हातात घेतला. "विसावर टिकायची नाही गं ती."

"टिकेल तेवढी टिकेल," कवळीबाई म्हणाली. तिने लांडगी पुलावर ठेवली आणि आपला डाव सोडला.