बाजाराच्या दिवशी डॉक्टर

चाकण, शनिवार, ९ फेब्रुवारी १९५७.

मंडळींनो, आज मारुतीच्या देवळात पुण्याहून मनाच्या आजाराचे डॉक्टर आले होते. भजनी मंडळ, तालीम आणि महिला मंडळ, आपण सगळ्यांनी मिळून त्यांना बोलावले. आसपासच्या गावचे लोक सहज येतील, म्हणून बाजाराचा दिवस ठरवला.

याच आजारात गेलेल्या माझ्या धाकट्या भावाचे, दत्तूचे, सुतक अजून फिटलेले नाही. म्हणून मी पायरीखालीच उभा राहिलो.

एक बाई आपल्या तरण्या मुलाचा हात धरून आली. मुलगा दत्तूसारखाच खाली बघत होता. तेवढ्यात देवळासमोर बसलेल्या, तिच्या ओळखीच्या कांदेवाल्याने हसत हाक मारली, "काय वैनी, पोराला येड लागलं व्हय?"

"न्हाई ओ भावजी, कांद्याचा भाव इचाराया आलोय," म्हणत ती मुलाला घेऊन मागे फिरली.

मी अगदी जवळ होतो. तरी तिला थांबवले नाही. डॉक्टर दुपारभर बसले, पण कोणीच आले नाही.

पुढच्या वेळी बाजार टाळून त्यांना कुणाच्या घरी बसवता येईल का? सुतक फिटले की आमची ओटी मोकळीच आहे.

घरी येऊन मी दत्तूची खाट भिंतीशी उभी केली आणि ओटी झाडली.