रथसप्तमीपर्यंतची खोली

वस्तीत नळ यायच्या आधी मंडळं आली. निजामाचं राज्य गेलं आणि जालना स्टेशनाच्या पलीकडच्या माळावर कारकून, मुनीम, मास्तर मंडळींनी घरं बांधली. त्या घरांच्या भिंती वाळतायत तोच तालीम संघ निघाला, भजनी मंडळ निघालं, वाचनालय निघालं. गणेश मंडळ तर निघणारच होतं. सगळीकडे माणसं तीच आणि सगळ्यांचे अध्यक्ष एकच, जगन्नाथराव. वाचनालयाला तालमीविरुद्ध तक्रार करायची झाली, तर जगन्नाथरावांनी ती जगन्नाथरावांकडेच करायची.

या पुरुषांच्या गर्दीत महिला मंडळ काढलं ते तुळजाबाईंनी. त्या कुंभार पिंपळगावच्या शेतकऱ्याची लेक, तहसील कचेरीतल्या गिरिधररावांची बायको. शिक्षण बेताचं, पण आवाज रानात हाका मारून तयार झालेला, आणि एखादी गोष्ट होणार नाही असं त्यांना कधी वाटायचंच नाही. गिरिधरराव म्हणायचे, "मी कचेरीत साहेबाला भितो, घरी आल्यावर कुणाला ते विचारू नका."

पंचावन्न साली वस्तीनं श्रमदानातून सगळ्या मंडळांसाठी मिळून एक खोली बांधली. पुरुषांनी दगड रचले, बायकांनी पाणी आणि माती वाहिली. शेवटी जमीन सारवायची वेळ आली तेव्हा ती जवळजवळ एकट्या चतुराबाईंनी सारवली. उद्घाटनाच्या भाषणात जगन्नाथरावांनी त्या जमिनीचं तोंड भरून कौतुक केलं. सारवणारीचं नाव घ्यायचं तेवढं राहून गेलं.

चतुराबाई तुळजाबाईंच्या शेजारच्या. नवरा गेल्यापासून त्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या बायकांची लहान मुलं सांभाळत, लिंबाखाली बसून. आया त्यांना ज्वारी आणून देत, त्यावर चूल पेटायची. पण पावसाळ्यात लिंबाखाली बसणार कोण? मागच्या वर्षी आयांनी मुलं घरात कोंडली आणि चतुराबाईंचे चार महिने फार वाईट गेले. यंदाही डोक्यावर छप्पर मिळालं नसतं, तर त्यांना वाटूरला भावाच्या दारात जाऊन राहावं लागणार होतं. भावजय कशी होती ते वस्तीला ठाऊक होतं.

म्हणून तुळजाबाईंनी बैठकीत सरळ खोली मागितली. "दुपारी खोली रिकामीच ऱ्हाती. चतुराबाई तिथं पोरं घेऊन बसतील."

"पोरं खोली घाण करतील," जगन्नाथराव म्हणाले. "खोली कार्यक्रमासाठी हाय. तुमचं हळदी-कुंकू असंल तर खुशाल घ्या. आमच्यातला एक माणूस उंबऱ्यात पाय ठेवणार न्हाई."

"संक्रांतीचं हळदी-कुंकू कवापर्यंत चालतं, अध्यक्षसाहेब?"

"रथसप्तमीपर्यंत. हे काय विचारणं झालं?"

"सगळ्यांनी ऐकलं ना बराबर?" म्हणत तुळजाबाई उठल्या. जगन्नाथरावांना काय झालं ते घरी जाऊन जेवताना कळलं, तेही त्यांच्या बायकोनं, उमाबाईंनी, हसत हसत सांगितलं तेव्हा.

बेत असा की रोज दुपारी एकेका घरचं हळदी-कुंकू खोलीत व्हावं आणि एका बाजूला मुलं बसावीत. रथसप्तमीपर्यंत वस्तीला सवय लागेल, पुढं चैत्रातलं हळदी-कुंकू आहेच महिनाभर! तुळजाबाई स्वतःवरच खूश होत्या.

संक्रांतीच्या दुपारी बायका नटूनथटून आल्या. चतुराबाई मुलांना घेऊन आल्या, एकेकाला हाताला धरून उंबऱ्याच्या आत सोडलं आणि स्वतः बाहेर पायरीवर बसल्या. डोक्यावरचा पदर पुढं ओढून घेतला. विधवा बाई हळदी-कुंकवाला येत नाही, हे कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं.

तुळजाबाईंच्या हातातलं तबक हातातच राहिलं. सगळ्या वस्तीला बेताचे पेच समजावून सांगणाऱ्या या बाईला एवढी गोष्ट सुचली नव्हती! ज्या बाईसाठी खोली हवी, तिलाच त्यांनी आपल्या हातानं बाहेर बसवलं होतं. मुलंही बसेनात. एक रडलं, पायरीकडे पळालं, मागोमाग बाकीची गेली. समोरच्या कट्ट्यावर जगन्नाथराव बसले होते. ते मिशीतल्या मिशीत हसत होते.

चतुराबाईंना आत बोलवावं तर ते हळदी-कुंकू राहत नाही, आणि हळदी-कुंकू नाही तर खोली नाही. तुळजाबाईंना लाज वाटली, आणि मग स्वतःचाच संताप आला. त्यांनी तबक फडताळात ठेवलं.

"झालं हळदी-कुंकू. चतुराबाई, या आत."

"अवो, खोली जाईल ना," चतुराबाई घाबरून म्हणाल्या.

"जाऊ द्या गेली तर. तुम्ही या."

त्यांनी हात धरून चतुराबाईंना आत आणलं. दोन बायका तोंड वाकडं करून निघून गेल्या. मुलं मात्र चतुराबाईंना बिलगून बसली, आणि खोली शांत झाली.

जगन्नाथराव तरातरा आले. "झालं ना तुमचं? मंग खोली रिकामी करा."

चतुराबाई उठायला लागल्या. तुळजाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बसा तुम्ही. अध्यक्षसाहेब, ही जमीन कुणी सारवली?"

जगन्नाथरावांनी मिशी चाचपली.

"यांच्या हातची जमीन तुमच्या भजनाला चालती, वाचनालयाला चालती. त्या हाताची बाई तेवढी चालत न्हाई?"

जगन्नाथरावांनी आधारासाठी आपल्या बायकोकडे पाहिलं. उमाबाई भिंतीशी बसून एका पोराचं नाक पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आत यायचं असंल तर वहाणा काढून या. लेकरं बसून राह्यलीत खाली."

जगन्नाथरावांनी खरोखरच वहाणा काढल्या, आत आले, खाली पाहत दोन पावलं चालले. जमीन थंड आणि गुळगुळीत होती. "तालमीची पोरं चार वाजता येतात," ते म्हणाले. "तवर बसा. रोज बसा." आणि आल्या वाटेनं परत गेले.

त्या पावसाळ्यात मुलं खोलीत बसली, पुढच्याही. पाटीवर पाच मंडळांची नावं होती, पण लोक तिला चतुराबाईंची खोलीच म्हणत. तुळजाबाई अध्यक्ष कधी झाल्या नाहीत. त्यांना विचारल्याशिवाय अध्यक्षांचं पानही हलत नसे, हे वेगळं.

पुढच्या संक्रांतीला तिथंच हळदी-कुंकू झालं, आणि तुळजाबाईंनी पहिलं वाण चतुराबाईंच्या ओटीत घातलं. घेताना चतुराबाईंनी पदर इतक्या घाईनं आवरला की तीळगूळ सांडला. तो वेचायला त्या खाली वाकल्या आणि तशाच मुलांत जाऊन बसल्या.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र, संक्रांतीला अजून आठवडा असताना, त्या आपणहून तुळजाबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"तुळजाबाई," त्यांनी विचारलं, "यंदा आपण वाण काय लुटायचं?"