गिरजाआत्याचं झाकलेलं पीठ

निरोप आला तेव्हा मी कचेरीत जेवणाचा डबा उघडत होतो. पवनीकडून आलेल्या एसटीच्या कंडक्टरने फाटकावरच्या शिपायाला सांगितलं आणि शिपायाने मला. "साहेब, कोंढ्याची रोटीवाली आत्या गेली म्हनते." शिपाई मला साहेब म्हणतो हा त्याचा चांगुलपणा, मी कारकून आहे आणि कारकून म्हणूनच निवृत्त होईन अशी चिन्हं आहेत. डबा तसाच मिटला. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो रजेचा अर्ज कोणाकडे द्यायचा हा. कारकून माणसाचं दुःखसुद्धा वरिष्ठांमार्फत येतं... भंडाऱ्याच्या स्टँडवर गाडीची वाट पाहत उभा राहिलो, तेव्हा कुठे ते माझ्यापर्यंत पोचलं.

गिरजाआत्या माझ्या वडिलांची चुलत बहीण. नवरा ऐन उमेदीत गेला. शांता नावाच्या एकुलत्या मुलीला घेऊन ती माहेरच्या गावात, म्हणजे आमच्या कोंढ्यात, तळ्यापलीकडच्या दोन खोल्यांत राहायला आली. पावसाळ्यात धानाच्या रोवण्याला जायची आणि लग्नसराईत रोट्या करायची. आमच्याकडे उन्हाळ्यातल्या लग्नात आंब्याचा रस असला की मडक्यावरची लांब रोटी लागतेच. वस्त्रगाळ केलेलं पीठ लाकडी काथवटीत पाणी घालत घालत इतकं मळायचं की ते हातावरून ओघळायला लागतं. मग गोळा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत खेळवायचा आणि विस्तवावर पालथ्या घातलेल्या मडक्यावर अलगद सोडायचा. रोटी रुमालासारखी घडी होऊन पानात येते. त्या धगीने आत्याच्या हातांवर कोपरापर्यंत एक केस उरला नव्हता. लहानपणी मला वाटायचं, बायकांचे हात असेच गुळगुळीत असतात. लग्न झाल्यावर तो गैरसमज दूर झाला. (हे वाक्य गाळ, असं घरून सांगण्यात आलं होतं.)

पंगत उठली की हात धुता धुता लोक म्हणायचे, "गनपतच्या हाताले चव हाये." हा गणपत म्हणजे गावचा आचारी. भाजी-वरण त्याचं, रोट्या आत्याच्या, पण चव नेहमी गणपतच्या हाताला. रीतच तशी होती. लग्नघरचा माणूस सुपारी घेऊन गणपतच्या दारी जायचा, तिथे चहा व्हायचा, घासाघीस व्हायची, भाव ठरायचा. त्या काळी साठ रुपये, वर धोतर आणि नारळ. आत्याला कोणी काही विचारत नसे. गणपत तिला नुसता सांगावा धाडायचा आणि काम झालं की आपल्या साठातले दहा तिच्या हातावर ठेवायचा.

तिने वाढवून मागितले नाहीत असं नाही. एका लग्नात मांडवामागे मी द्रोण लावत बसलो होतो, तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं आहे.

"गनपत, अवंदा दहाचे पंधरा कर."

"कायले? तुले खानारं कोन हाये? एक पोरगी. माह्या घरी सहा तोंडं हायेत."

"तोंडं मोजून मजुरी असते का? मंग तुह्यं पानी भरते त्या पोट्ट्याले कायले पंधरा देतं? त्याचं तं लगन बी नाही झालं."

"त्याचं येगळं हाये बाई. तो मानूस हाये."

आत्याने पुढची रोटी मडक्यावर टाकली. ती जराशी करपली, एवढंच.

मी तेव्हा नुकता नोकरीला लागलो होतो. माझा पगार दरवर्षी नखं वाढावीत तसा आपोआप वाढणार होता, त्यामुळे पगारवाढीवर सल्ला द्यायला गावात माझ्याइतका लायक माणूस नव्हता. पंच्याहत्तर-शहात्तरची गोष्ट. बाई आणि पुरुषाला सारख्या कामाची सारखी मजुरी, असा कायदा झाल्याचं पेपरात आलं होतं. मी तो पेपर काखोटीला मारून आत्याकडे गेलो आणि तिच्याच हातची रोटी खात तिला कायदा समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"चांगला हाये तुह्या कायदा. मले एक सांग बाबू, गनपतचा भाव कोन ठरवते?"

"लग्नघरचा माणूस. त्याच्या दारी जाऊन."

"अना माह्या?"

"गणपत."

"म्हंजे लगनघरच्यायनं मले कमी देल्ले, असं नाहीच. त्यायनं मले इचारलंच नाही." तिने माझ्या ताटात आणखी एक रोटी टाकली. "ज्याच्या दारी सुपारी जाते त्याले भाव असते बाबू. पेपर ठेवून जा, चुलीले होईल."

पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न निघालं. बाबांनी रीतीप्रमाणे सुपारी गणपतला दिली. आत्याला वेगळं सांगायचा प्रश्नच नव्हता, ती तर घरची. आदल्या दिवशी पीठ तेवढं तिच्याकडे पोचतं झालं. मांडवाच्या दिवशी सकाळी मला हळद लागली, पाहुणे आले, गणपतची भाजी झाली, रसाची गंजं-पातेली भरली... आणि आत्याचा पत्ता नाही. बोलवायला गेलेला माणूस परत आला तो एवढंच घेऊन, की आत्या म्हणते, माझ्या दारी सुपारी आली नाही.

"घरच्या मानसाले सुपारी?" बाबा गरजले. "कोनी जाऊ नका. गनपत, पुऱ्या काढ."

गणपतने तेलाचा डबा वाकवून बाबांना तळ दाखवला. पुऱ्या लाटायला बसेल अशी एकही बाई मांडवात उरली नव्हती. सगळ्यांना एकदमच काही ना काही काम आठवलं होतं. पहिली पंगत पानं मांडून बसलेली. शेवटी आईने माझ्याकडे पाहिलं. "तूच जा. लगन तुह्यं हाये."

हळदीच्या नवरदेवाने घराबाहेर पडू नये, असं म्हणतात. मी पडलो. अंगभर पिवळा, हातात अडकित्ता, त्यात रिवाजाची सुपारी धरलेली, आणि डोक्यावर छत्री धरून मागे धावणारा मावसभाऊ. तळ्याच्या पाळीवर कपडे धुणाऱ्या बायका धोपटणं थांबवून पाहत राहिल्या. एक म्हणाली, "नवरदेव पयाला वाट्टे." दुसरी म्हणाली, "पोरगी पाह्यली असन."

आत्या दारात बसली होती. तिच्यामागे काथवट होती, तीवर ओलं फडकं. मी ते पाहिलं आणि त्यावरून मला काहीही कळलं नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

"आत्या, चाल ना व." मी अडकित्त्यातली सुपारी तिच्यापुढे धरली.

तिने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "सुपारी भेटली. आता भाव?"

"तूच सांग."

"गनपतले किती?"

"साठ."

"मंग मले साठ. अना त्याले धोतर, तं मले लुगडं."

"बाबांना विचारून येतो."

"ये इचारून. रस आंबतेपावतर मी इथंच हावो."

मी एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा उन्हाकडे, आणि म्हणालो, "साठ." आयुष्यात मी स्वतःहून ठरवलेला हा पहिला आणि शेवटचा व्यवहार. ती लगेच उठली, काथवट डोक्यावर घेतली आणि माझ्यापुढे चालू लागली. त्या दिवशीच्या रोट्यांबद्दल बोलायला साक्षीदार पुष्कळ आहेत. मी उपाशी होतो.

बाबांनी साठ दिले, पण माझ्या कोटाच्या शिलाईतून. म्हणून लग्नाच्या फोटोत मी मावसभावाच्या कोटात आहे आणि बाह्या मनगटाच्या चार बोटं आधीच संपल्या आहेत. आत्याची किंमत मात्र मोठी होती. गणपतने जाहीर केलं की या बाईसोबत आपण चूल पेटवणार नाही. उरलेली लग्नसराई तिला कोणी बोलावलं नाही. त्या वर्षी शांताची शाळा सुटली आणि मायलेकी रोवण्याच्या चिखलात एका रांगेत उभ्या राहिल्या. आई म्हणाली, "दहा तं दहा, गनपतच्या पाया पड." आत्या म्हणाली, "पाया पडाचं कितीक देते तो?"

पुढच्या उन्हाळ्यात गणपतने रसासोबत पुऱ्या वाढल्या. लोकांनी खाल्ल्या, पण हात धुताना चवीचं नाव कोणी काढलं नाही. मग कोणीतरी आडवळणाने आत्याच्या दारी सुपारी घेऊन आलं, मग आणखी एक. पुढे तर मोहाडीकडूनही माणसं यायला लागली. शांता पुन्हा शाळेत बसली, वर्गातल्या मुलींपेक्षा वीतभर उंच. काही वर्षांनी गणपत स्वतःच लग्नघरच्यांना सांगू लागला, "रोटीची सुपारी तिकडं न्या बाप्पा, ते माह्यं काम नोहे." नंतर दोघं एकाच मांडवात आपापल्या चुलीपाशी बसून एकमेकांच्या तंबाखूला नावं ठेवायची.

त्या दिवशीच्या सुपारीचं गुपित मात्र मला फार उशिरा कळलं. माझी बायको भंडाऱ्यात मुलींच्या एका खाजगी शाळेत शिकवायची. तिच्यानंतर लागलेल्या एका सरांना तिच्यापेक्षा जास्त पगार आहे, हे तिला कळलं. मी म्हणालो, जाऊ दे. (माझा हा सल्ला सर्व प्रसंगी लागू पडतो.) तिने ऐकलं नाही. ती मुख्याध्यापकांकडे जाऊन आली आणि हात हलवत परतली. आत्या तेव्हा डोळे दाखवायला आमच्याकडे आलेली होती.

"काय म्हनलं तू त्यायले? शब्दान् शब्द सांग."

बायकोने सांगितलं. शेवटी म्हणाली, "मी म्हटलं, तुम्ही वाढवा न वाढवा, मुलींचं नुकसान होऊ देणार नाही, शिकवत तर राहीनच."

आत्याने कपाळावर हात मारला. "पयलेच पीठ दाखवलं, माय?"

आम्हाला काही कळेना. तेव्हा तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "याच्या लगनात मी सकायपासून पीठ मळून बसली होती. पहिल्या पंगतीले कोनी नसतं आलं, तं दुसरीले मीच आली असती काथवट घेऊन. भाच्याचं लगन हाये, घरी कशी बसू? हा आला, म्होरंच काथवट, अना याले काही दिसलंच नाही. याच्या बापानं पाह्यली असती तं दहावरच नेलं असतं मले."

बायको माझ्याकडे पाहत राहिली. मी पंख्याचं बटण तपासलं. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा मुख्याध्यापकांकडे गेली, या वेळी मुलींचं नाव न काढता. सगळं नाही, पण बरंचसं अंतर भरून निघालं. तेव्हापासून आमच्या घरात कोणी आधीच नमतं घेतलं की 'पीठ दाखवलं' म्हणतात. माझ्या बाबतीत हे वारंवार म्हणावं लागतं.

तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या जेवणाला, मी पहिल्या गाडीने कोंढ्याला पोचलो. शांता दारातच म्हणाली, "भाऊ, पीठ काल कमलाकडं धाडलं, सुपारी तेवढी राह्यली. तुमीच नेऊन द्या." कमला ही आत्याच्या हाताखाली तयार झालेली. आता रोट्यांचं तीच पाहते. तळ्याच्या पाळीवरून पुन्हा चालत गेलो. या वेळी ना हळद, ना छत्री. कमला दाराशी आली. मी सुपारी दिली, तिने ती कपाळाला लावली आणि विचारलं, "आचाऱ्याले किती देल्ले?"

मी आकडा सांगितला.

"मंग मले बी तेवढेच."

"अवं कमला, आत्याचीच तेरवी आहे ना..."

"म्हनूनच. तिच्या तेरवीले मी भाव पाडला, तं आत्या वरून शिव्या देईल."

बोलता बोलता तिने एक हात या चौकटीला आणि एक त्या चौकटीला लावला. दार सगळं भरून गेलं. आतलं काही म्हणता काही दिसेना. मी हो म्हणालो, आणि ती तशीच उभी राहिली, मी पाळीला लागेपर्यंत.

ओल्या पिठाचा वास तेवढा बाहेर येत होता.