डॅमेजच्या ढिगावरचे चाचा

पुस्तक मिटताना चाचा पानांत बोट तसंच ठेवायचे, दुसऱ्या हाताने डबा उघडायचे आणि विचारायचे, "आता बोला. माणूस की सैतान?"

की आमच्या गोदामात गलका सुरू.

अंजूरकडच्या त्या पुस्तकांच्या गोदामात मी सुपरवायझर. दुकानांतून परत आलेल्या मालातली फाटकी, भिजलेली पुस्तकं चाचा वेगळी काढायचे. मी त्या खोक्यांवर लाल स्टिकर लावला की माल कागदाच्या लगद्यासाठी जाणाऱ्या गाडीत. तोवर डॅमेजच्या ढिगातलं काहीही जेवणाच्या सुट्टीत वाचायची मुभा होती, पण वाचायचे एकटे चाचाच. तरुणपणी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरवर त्यांचा अर्धा चेहरा भाजला होता. तुम्हीही पाहिलं असेल, अशा माणसाशी लोक त्याच्या खांद्याकडे बघून बोलतात. आमच्याकडे जेवायलाही कुणी त्यांच्यासमोर बसत नसे.

मग एक मुखपृष्ठ गेलेली जाडजूड भयकथा त्यांच्या हाती लागली, आणि ते मोठ्याने वाचू लागले. एका सरदाराला विद्रूप मुलगा होतो. बाप त्याला हाकलतो. तो दलदलीत राहून धुक्यात चुकलेल्यांना रस्त्याला लावतो, आणि त्यांनी तोंड पाहिलं की दगड खातो. मग एका रात्री तो बापाची हवेली पेटवतो. आत धाकटा भाऊ.

"बापानंच हाकलला ना? मंग तो काय करंल?" पॅकिंगवाल्या सुगंधाबाई कमरेला पदर खोचून उभ्या.

"मौसी, भाई को जलाया उसने," हमाल रफीक म्हणायचा. "फिर शरीफ कैसा?"

"कुनी एक भाकर दिली का त्याला? न्हाय ना? मंग गप."

जी बाजू जिंकायला लागे, चाचा तिच्या विरुद्ध. "पण बाई, धाकट्याने काय गुन्हा केला होता?" की पुन्हा पेटलं. आठवडाभरात सगळे त्यांच्या समोर बसू लागले. रफीक आपलं लोणचं त्यांच्या डब्यात टाकायचा.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी माझंही कामात लक्ष नव्हतं. घाईघाईत स्टिकर मारले आणि रोल हातात घेऊनच धावत आलो. चाचा हसले, "साहेब, रोल तरी ठेवून यायचा."

हवेली कोसळते, तो आगीकडे वळतो... आणि चाचा थांबले. पुढची पानंच नव्हती.

"चाचा, आपको पता था?" रफीकने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. सांगितलं असतं तर बसला असतात का?"

इतकं हसलो आम्ही त्या दिवशी.

संध्याकाळी कळलं, शेजारच्या थप्पीतली नवी कोरी पाठ्यपुस्तकं लगद्याला गेली. लाल स्टिकर त्यांच्यावर होते.

मॅनेजरने सगळ्यांना उभं केलं. "डॅमेजच्या ढिगावर कोण बसतं?"

"चाचा," रफीक हळूच म्हणाला.

"वाचायला मिळावीत म्हणून चांगली पुस्तकं तिकडे सारलीस ना रे? तोंडावरूनच कळतं."

दलदलीतल्या त्या पोरासाठी भांडणाऱ्या सुगंधाबाई खाली बघत होत्या. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. सुट्टीत रोल माझ्या हातात होता, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मी बोलायची वाट पाहिली. मी रजिस्टरची पानं उलटत राहिलो.

"झालं असेल माझ्याकडून," चाचा म्हणाले. मॅनेजरने तिथेच त्यांना कामावरून काढलं.

स्टिकर मी लावले होते. हे बरीच वर्षं कुणालाच, बायकोलाही, सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात मॅनेजरला सांगितलं, तर म्हणाला, "आता काय त्याचं?" चाचांच्या घरी गेलो. तिथे दुसरंच बिऱ्हाड होतं. ते कुठे गेले, कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी फाटकापर्यंत त्यांच्या मागे गेलो होतो. सांगायचंच ठरवून. शेअर रिक्षा आली. मागच्या सीटवरच्या दोघी त्यांना बघून आणखी पसरून बसल्या. चाचा ड्रायव्हरशेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. रिक्षा निघता निघता त्यांनी मान वळवली.

"साहेब, चार नंबरच्या रॅकवर पत्रा गळतोय. खोके हलवून घ्या."

मी आत गेलो आणि एकट्याने सगळे खोके हलवले.